आयचे सतरा कप्तान

आमच्या वेसाव्याच्या घरात फ्रिज नव्हता, टेलिफोन नव्हता, नळाला पाणी यायचं ते स्वतःच्या मर्जीनं, पण सतरा कप्तान होते. सगळे गोरे, दाढीवाले आणि कधीचे मेलेले. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कडुलिंबाच्या सुक्या पाल्यात आणि जुन्या जाळ्याच्या तुकड्यांत गुंडाळून ते राहत. शिडांच्या जहाजांवर आयुष्य काढलेल्या माणसांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींची ती पुस्तकं. इंग्रजी, शंभर-सव्वाशे वर्षांची, कातडी बांधणीची, आणि मुख्य म्हणजे चित्रांची. ती जमवली माझ्या आईनं. आम्ही तिला आय म्हणत असू. आय डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीत सात बंगल्यापासून चार बंगल्यापर्यंत दारोदार मासळी विकायची, आणि तिला अक्षरओळख नव्हती. इंग्रजी सोडा, मराठीचीही नव्हती.

हे सांगितलं की लोक हसतात. चांगले शिकलेले, घरात पुस्तकांची कपाटं असलेले लोक हसतात आणि विचारतात, वाचता येत नव्हतं तर पुस्तकं कशाला जमवायची? हा प्रश्न मला आजवर इतक्यांनी विचारला आहे की मी आता उलट विचारते, तुमच्या कपाटातली तुम्ही किती वाचलीत? त्यावर बहुतेक जण चहाचा कप उचलतात. आयनं तिची पुस्तकं पानन् पान पाहिली होती. कुठल्या चित्रात डोलकाठीवर किती माणसं चढलीत हे तिला तोंडपाठ होतं.

कारण साधं होतं. आमच्या कोळीवाड्यात बायका मासेमारीला होडीतून जात नाहीत. पुरुष मासळी आणतात आणि बंदरात होडी लागली की पुढचं सगळं बायकांचं. वाटे, लिलाव, बर्फ, पाटी, गिऱ्हाईक, भांडण. आयचा बाप दर्यावर, भाऊ दर्यावर, नवरा दर्यावर, आणि तिचा स्वतःचा समुद्रप्रवास म्हणजे वेसावे ते मढ, तरीतून, पाच मिनिटं. बाबांना विचारावं तर ते एका शब्दात उत्तर देणार. ‘तिकरं काय असता?’ ‘पानी.’ एवढंच. चाळीस वर्षं ज्या पाण्यावर घर चाललं ते कसं दिसतं हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. मग पुस्तकात दिसल्यावर तिनं ते सोडलं नाही, यात हसण्यासारखं काय आहे?

पहिलं पुस्तक शिरीनबायकडून आलं. शिरीनबाय म्हणजे सात बंगल्याजवळच्या एका जुन्या बंगल्यात एकटी राहणारी पारशी म्हातारी, आयची ठरलेली गिऱ्हाईक. तेव्हा अंधेरीतले बंगले एकामागून एक पडत होते आणि तिथं इमारती उठत होत्या. शिरीनबायही बंगला विकून बहिणीकडे निघाली होती. मासळी गुंडाळायला कागद हवा होता म्हणून तिनं आयला रद्दीचा ढीग दाखवला, त्यात ते पुस्तक. आयनं उघडलं तर एक पातळ झिरझिरीत कागद, आणि तो बाजूला केला तर खाली जहाज. आय म्हणायची, चित्रानं पदर घेतला होता. लाटा पार शिडाला लागलेल्या, माणसं दोरांना लोंबकळतात. आयनं त्या दिवशीचे बोंबील केळीच्या पानात बांधले आणि पुस्तक घरी आणलं. मग शिरीनबायनं नवऱ्याची तसली आणखी चार दिली. बाकीची आयनं अंधेरीजवळच्या अंबोलीच्या रद्दीवाल्याकडून हुडकून काढली. त्याच्याकडे बसून ती मासे निवडावे तशी पुस्तकं निवडायची. आधी वजन, मग कातडं, मग आतला पातळ कागद. चित्र नसलं की परत. नुसत्या राजा-राणीचं चित्र असलं तरी परत. बोट पाहिजे. तिला फसवणं सोपं नव्हतं.

संध्याकाळी पाटी धुऊन पालथी टाकली की माझं काम सुरू व्हायचं. मी घरातली एकटी इंग्रजी शिकणारी, आणि तेही पाचवीपासून, मराठी शाळेत. बाहेर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असायचे, बर्फाच्या कारखान्यातून लाद्या फोडण्याचा आवाज यायचा, शेजारची कमळीमावशी आपल्या सुनेवर आणि मांजरावर एकाच सुरात ओरडायची. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, बाजूला कोलंबीचं आंबट किंवा तव्यावर सुका जवळा, कांदा आणि भरपूर मिरची घालून. आय भाकरी थापत थापत म्हणायची, ‘हां, वाच.’ मी खिशातली डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. अर्ध्या शब्दांचा अर्थ लागायचा नाही. मग मी ठोकून द्यायची. वादळ आलं, शीड फाटलं, कप्तान म्हणाला घाबरू नका. आता कबूल करायला हरकत नाही, कित्येक वादळं मी आमच्या स्वयंपाकघरात स्वतः निर्माण केली आहेत. आयला ती आवडायची. बाबा कोपऱ्यात जाळं शिवत बसायचे. मध्येच मान वर करून म्हणायचे, ‘असा वारा आसला त शीर असा बांदत नाय.’ आणि पुन्हा मान जाळ्यात.

आयचे प्रश्न मात्र कप्तानांना झेपणारे नव्हते. ‘जेवाया काय व्हता त्यांना?’ पुस्तकात असायचं खारवलेलं मांस आणि बिस्किटं. ‘आन खाली दर्या भरून मासली? बावलट मेले.’ एका देवमाशाच्या शिकाऱ्यानं चारशे पानं लिहिली होती आणि त्यात बायकोचं नाव एकदाही नव्हतं. आयला ते फार लागलं. ‘तीन-तीन वरसा ह्यो दर्यान. मंग घर कोन चालवत व्हता? त्या लिवला नाय?’ मी म्हटलं, नाही लिहिलं. ‘मंग खोटा हाय तो. अर्दाच सांगतो.’ मोठमोठ्या विद्वानांनी या आठवणींवर लिहिलेलं मी पुढे वाचलं. त्या शिकाऱ्याच्या बायकोबद्दल अजून कुणी विचारलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता पूजेचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. नारळी पुनवेला आमच्याकडे होडीची पूजा होते. नाळीला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावायचं, नारळ द्यायचा, मग होडी पाण्यात. पूजा झाल्याशिवाय होडी दर्यात सोडणं म्हणजे मरणाला बोलावणं. पहिलं पुस्तक आलं त्या वर्षी आय बंदरातून पूजा आटोपून घरी आली, ताट खाली ठेवलं, आणि तिच्या लक्षात आलं की ट्रंकेत जहाजं आहेत आणि त्यांची पूजा झालेली नाही. तिनं मला पानं उलटायला बसवलं. एक पान, एक जहाज, नाळीवर एक बोट कुंकवाचं. पातळ कागद पुन्हा नीट पसरायचा, पुढचं पान. बुडणाऱ्या जहाजाचं चित्र आलं की ती कुंकू लावायची नाही. हात जोडायची आणि एक तांदळाचा दाणा ठेवून पान मिटायची. पुस्तकं वाढत गेली तशी ही पूजा दुपारभर चालायची. सोळा पुस्तकं झाली तेव्हा तर माझे हात भरून आले. मला हे विचित्र वाटलं नव्हतं. घरात होडी असली की तिची पूजा होते. मग ती लाकडाची असो की कागदाची.

ज्या माणसामुळे ते घडलं त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची मुलं-नातवंडं चांगली असतील, त्यांनी काय घोडं मारलंय? आम्ही त्याला कप्तानसायेब म्हणायचो. व्यापारी जहाजांवर मोठ्या हुद्द्यावर नोकरी करून निवृत्त झालेला, जुहूच्या बाजूला बंगला, बोलणं गोड, मासळीचा दर्दी. रावस आणि गाभोळी, या दोन गोष्टींसाठी तो दार स्वतः उघडायचा. एका सकाळी आय रद्दीवाल्याकडून नुकतंच मिळालेलं पुस्तक प्लास्टिकमध्ये बांधून पाटीच्या कडेला घेऊन गेली होती. ते त्यानं पाहिलं. त्यानं हातात घेतलं, उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ‘हे कुठं मिळालं तुला?’ आय म्हणाली, ‘मना मिलतात. सोला घरान हायत.’ त्याच रविवारी तो आमच्या घरी हजर. आमच्या गल्लीत गिऱ्हाईक असं कधी येत नसे. सगळी गल्ली दारात उभी. तो नाकाला रुमाल लावून आला. ज्या वासाची चव त्याला दर दोन दिवसांनी ताटात लागायची, त्याच वासाला रुमाल.

ट्रंक उघडल्यावर रुमाल खाली आला. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक पुस्तक काढू लागला. प्रत्येक पुस्तक उघडण्याआधी तो बोटं सदऱ्याला पुसत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या माणसाला पुस्तकांची खरी ओढ होती, हे मला नाकारता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मग एका चित्रावरचा कागद त्यानं बाजूला केला आणि ओरडला, ‘अरे देवा! हे काय?’ दुसरं पान. तिसरं. ‘हे कुणी केलं? प्रत्येक चित्रावर? अगं बाई, काय वाट लावलीस ही! शंभर वर्षं जपलेली चित्रं आणि तू त्याला कुंकू फासतेस?’

आय शांत होती. ‘पूजा केल्याबिगर बोट दर्यान कशी सोराची, सायेब?’

तो तिला सोडून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘तू शिकलेली मुलगी. तुला तरी कळायला हवं होतं.’

हे एक वाक्य. इतकी वर्षं झाली, ते माझ्या कानातून जात नाही. मी सोळा वर्षांची होते, नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. अंधेरीच्या, पार्ल्याच्या मुली वर्गात होत्या आणि मी घरून निघताना दोनदा हात साबणानं धुवायची. ‘शिकलेली मुलगी’ हे शब्द कुणी मला पहिल्यांदाच म्हटले होते, आणि म्हटले ते आयच्या विरुद्ध. मी आयच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. उलट मान खाली घातली, म्हणजे जणू होय, चूक झाली आमची.

त्यानं मग गोड शब्दांत सांगितलं की जुहूच्या एका हॉटेलात जुन्या सागरी पुस्तकांचं प्रदर्शन भरतंय. ते भरवणारं मंडळ त्याचंच. ही पुस्तकं तो न्यायला तयार आहे, जाणकाराकडून डाग काढून घेईल, काचेत मांडेल, खाली आयचं नाव लिहील, आणि प्रदर्शन संपलं की परत. आयला देववत नव्हती. ‘डाग कनाचं? त्या काराचा नाय,’ ती म्हणाली. मी रात्रंदिवस तिच्या मागे लागले. लोक बघतील, तुझं नाव होईल, आणि ते कुंकू खरंच बरं दिसत नाही, आय. हे मी म्हटलं. मीच. शेवटी ती म्हणाली, ‘तू सांगतंस म्हनून.’ सतरा पुस्तकं त्याच्या गाडीच्या डिकीत गेली. आयनं प्रत्येकाला हात लावून नमस्कार केला. तेवढा वेळ ड्रायव्हर घड्याळ बघत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी आयनं हिरवं लुगडं काढलं, केसांत अबोलीची वेणी, गळ्यात लग्नातलं सोनं. बाबा आले नाहीत. ‘बोटीवरचा मानूस बोटीचा चित्र बगाया कनाला जाईल?’ म्हणाले. हॉटेलच्या पायरीवर दरवान होता, फेटा आणि पितळी बटणं. त्यानं आयकडे पाहिलं आणि हात आडवा करून सांगितलं, ‘मच्छी पीछे से.’ तिच्या हातात पाटी नव्हती, पिशवी नव्हती, काही नव्हतं. आय म्हणाली, ‘मच्छी नाय रे बाबा. आमची पुस्तका हायत आत.’ तो हसला. मग मी इंग्रजीत काहीतरी बोलले, तेव्हा त्यानं हात बाजूला केला.

आत गार हवा आणि हलक्या आवाजातलं बोलणं. काचेच्या लांब पेट्या, त्यात आमची पुस्तकं उघडी मांडलेली. कप्तानसायेब पाहुण्यांच्या घोळक्यात होता. त्यानं आम्हाला पाहिलं, लांबूनच मान हलवली, मग दोन पावलं येऊन म्हणाला, ‘आलात? छान. बघून घ्या सावकाश. फक्त काचेला हात लावू नका हं.’ आणि गेला. कुणाशी ओळख करून दिली नाही. मी पहिल्या पेटीपाशी गेले. शिरीनबायचं पुस्तक, ते पहिलं जहाज. नाळीवरचं कुंकू गेलं होतं. त्या जागी कागद पांढराफटक पडला होता, आणि कुंकवाबरोबर नाळीच्या रेषाही गेल्या होत्या. जहाजाला पुढचं टोकच राहिलं नव्हतं. याला तो डाग काढणं म्हणत होता.

पेटीत एक कार्ड होतं, इंग्रजीत टाइप केलेलं. मी ते वाचलं. एका कोळीवाड्यातून सोडवून आणलेली ही दुर्मिळ पुस्तकं. अडाणी हातांनी केलेली त्यांची विटंबना परिश्रमपूर्वक दूर केली आहे. संग्रह, कॅप्टन अमुक अमुक. शेवटचं नाव मोठ्या अक्षरांत. सगळ्या पेट्यांवर तेच कार्ड. सोडवून आणलेली! ट्रंकेत कडुलिंबाचा पाला दर महिन्याला बदलणाऱ्या बाईच्या हातातून सोडवून आणलेली.

‘काय लिवलाय गो?’ आयनं विचारलं.

मला वाटलं, हिनं एवढं सोनं घातलंय. मला वाटलं, इथं ती मोठ्यानं बोलली तर सगळे बघतील. दोन्ही वाटलं, आणि कुठलं आधी वाटलं हे मी आजही सांगू शकत नाही. मी वाचल्यासारखं केलं. ‘ही पुस्तकं वेसाव्याच्या गोमतीबाईंनी कित्येक वर्षं खपून जमवली आणि प्रेमानं जपली.’ सराव होताच मला.

‘माजा नाव कुटं हाय?’ तिनं काचेवर बोट टेकवलं, सगळ्यांत मोठ्या अक्षरांवर. ‘ह्या काय?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तेच.’

ती त्या अक्षरांकडे किती वेळ बघत होती! घरी येताना तिनं रिक्षा केली. आयुष्यात स्वतःसाठी तिनं केलेली ती पहिली रिक्षा. वाटेत म्हणाली, डाग काढताना त्यानं बोटीची नाळ खाल्ली, ते वाईट झालं, पण नाव मोठं लिहिलंय. चला, बोलला तसा वागला.

पुढचं मी स्वतः पाहिलं नाही, कॉलेजात होते. कमळीमावशीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी मासळी विकून झाल्यावर आय सहा बायकांना घेऊन हॉटेलात गेली, आपलं नाव दाखवायला. मला हे कसं सुचलं नाही! आमच्याकडे एकीचं काही चांगलं झालं तर ती एकटी घरात बसून आनंद मानत नाही, सगळ्या आळीला नेऊन दाखवते. दरवानानं सात कोळणी पाहिल्या आणि तो बाजूला झाला. त्यांत कमळीमावशीची सून प्रमिला होती, मुद्दाम रजा काढून आलेली. ती मरोळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती, दिवसभर इंग्रजी टाइप करायची. आयनं काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘बग, ह्या माजा नाव.’ प्रमिलानं कार्ड मनात वाचलं. आय म्हणाली, ‘वाच गो, सगल्यांना आयकव.’ प्रमिलाला खोटं सुचलं नाही. तिनं सगळं वाचलं, मराठीत, जसं होतं तसं.

मी घरी आले तेव्हा आय बोंबील साफ करत होती. तिचा आवाज अख्ख्या बंदराला माहीत. त्या दिवशी तिनं तो काढला असता तर बरं झालं असतं. तिनं वर न बघता विचारलं, ‘तुना वाचाया येत व्हता ना?’

‘हो.’

‘मंग?’

‘तुला वाईट वाटेल म्हणून, आय.’

‘वाईट वाटला असता त मना वाटला असता. त्या बी माजाच व्हता ना?’ बोंबलांचं पाणी तिनं ओतून दिलं. ‘तो परका. त्याचा काय! तू त घरातली.’

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन कप्तानसायेबाच्या दारात उभी राहिली आणि पुस्तकं मागितली. तो म्हणाला, प्रदर्शन अजून दोन ठिकाणी जायचंय, आणि खरं सांगायचं तर ही पुस्तकं पुन्हा तुझ्याकडे पाठवणं म्हणजे गुन्हाच होईल. आठवण म्हणून एखादं ने हवं तर, फाटकं आहे एक. आयनं पायरीवर उतरवलेली पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. ‘आजपासून तुज्या दारान पाटी उतरनार नाय,’ ती म्हणाली आणि निघाली. तो हसला म्हणे. त्याला वाटलं, एक गेली, दुसरी येईल.

तिथं त्याचं गणित चुकलं, आणि ते सांगताना मला आजही बरं वाटतं. जगभर जहाजं फिरवली पण दारात येणाऱ्या पाटीचा कायदा त्याला ठाऊक नव्हता. आमच्यात दारं वाटलेली असतात. कुठला बंगला कुणाचा हे सासूकडून सुनेकडे येतं. एकीच्या दारात दुसरी पाटी उतरवत नाही. आणि एखादीनं रागानं दार सोडलं तर ते गावाला बंद. दुसऱ्या दिवसापासून त्या बंगल्यावरून कोळणी ‘पापलेट, रावस’ अशी हाळी देत जायच्या आणि फाटकापाशी आल्या की गप्प व्हायच्या. दहा पावलं पुढे गेल्या की पुन्हा हाळी. त्यानं नोकराला वेसाव्याच्या बाजारात पाठवलं. नोकर दिसला की पाट्यांवर ओलं गोणपाट पडायचं, ‘इकून झाला.’ मग तो स्वतः आला. गोणपाटाखालून पापलेटची शेपटी बाहेर आलेली, आणि कमळीमावशी त्याच्या तोंडावर सांगतेय, ‘नाय सायेब, आज बोटीच नाय आल्या.’ मागे बारा होड्या उभ्या होत्या. अंधेरीच्या बाजारात गेला तर तिथंही आमच्याच बायका. असं महिना-दीड महिना चाललं.

मग एक दिवस ड्रायव्हर खोका घेऊन आला. पाठवला होता कप्तानाच्या बायकोनं. नवरा बाहेरगावी असताना तिनं कपाट उघडून पुस्तकं काढली होती. खोक्यात अकरा पुस्तकं. बाकीची सहा त्यानं आधीच दुसऱ्या संग्राहकांना देऊन त्यांच्याकडची काही घेतली होती, असं ड्रायव्हर म्हणाला. ती सहा कधी आली नाहीत. मध्यंतरी माझ्या मुलानं इंटरनेटवर लिलावातलं एक पुस्तक दाखवलं. बांधणी कशी, कागद कसा, किती हातांतून गेलं, सगळं बारकाईनं लिहिलेलं. शेवटी एक ओळ, चित्रांवर पुसूनही राहिलेल्या तांबूस खुणा, कारण अज्ञात. मी पंधरा मिनिटं त्या यंत्रावर ओरडत होते. अज्ञात म्हणे! विचारायला कुणी आलं होतं का वेसाव्याला? मुलगा म्हणाला, आई, बीपी वाढेल.

अकरा तर अकरा. आयनं ती पुसून, पाल्यात घालून पुन्हा ट्रंकेत ठेवली. त्या संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर मी डिक्शनरी घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं पुस्तक काखेत मारलं, चपला घातल्या आणि प्रमिलाकडे गेली. मग दर रविवारी तेच. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. प्रमिला अडखळत वाचायची. तिला एखादा शब्द आला नाही की ‘हे नाय कळत गं मावशी’ असं सरळ सांगायची. वादळं फारशी नसायचीच त्या पुस्तकांत. पानंच्या पानं वाऱ्याची दिशा, दोरांची नावं, आजारी खलाशांची यादी. आय ते सगळं ऐकायची. बाबा आमच्या घरात जाळं शिवता शिवता भिंतीकडे कान करून बसायचे आणि कधीतरी म्हणायचे, ‘हां, ह्या खरा.’ पुढच्या पुनवेला पानं उलटायलाही तिनं प्रमिलालाच बोलावलं. मी आत नारळ खवत होते.

आय माझ्याशी वाईट वागली नाही. माझं लग्न तिनं थाटात केलं, बाळंतपणं काढली, माझ्या मुलांना काटे काढून मासे भरवले. पण त्या दिवसानंतर ‘काय लिवलाय गो?’ हे तिनं मला कधी विचारलं नाही. लाइटचं बिल वाण्याकडून, मुन्शिपालिटीची नोटीस प्रमिलाकडून, लग्नाच्या पत्रिका येणाऱ्या-जाणाऱ्याकडून. मी समोर, बी.ए. झालेली, पुढे शाळेत इंग्रजी शिकवणारी. कितीतरी मुलांना मी वाचायला शिकवलं.

शेवटी ती अंधेरीच्या एका हॉस्पिटलात होती. बाबा गेलेले, प्रमिलाही दूर विरारला राहायला गेलेली. तपासणीचा कागद आला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, त्यांना सगळं सांगायची गरज नाही. मी कागद घेऊन खाटेजवळ बसले आणि तिला सगळं वाचून दाखवलं. गाठ कुठं आहे, किती पसरली आहे, काय करता येण्यासारखं नाही. एक शब्द गाळला नाही. तिनं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला, माझ्या हातातला कागद घेतला आणि सलाईन बदलायला आलेल्या नर्सला दिला. ‘बाय, जरा वाच गो ह्या.’

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं वाचलं. मी वाचलं होतं तेच, तसंच, शेवटपर्यंत.

आयनं कागदाची घडी घालून उशीखाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

‘हां,’ ती म्हणाली. ‘आज खरा वाचलंस.’